आपत्तीची दुसरी वेलांटी

टावर चौकात गराडू तळायला लागले की इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मनात सूड जागा होतो.

गराडू म्हणजे आमच्या माळव्यातला थंडीचा कंद. दिसायला सुरणाचा दूरचा, जरा गरीब भाऊ. सोलताना हाताला खाज येते. फोडी करून एकदा मंद तेलात तळतात, गार होऊ देतात, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पुन्हा कडकडीत तळून वर जीरावन मसाला आणि लिंबू मारतात. माझा राग मी वर्षानुवर्षं अगदी याच कृतीने टिकवून ठेवला आहे. एरवी तो गारच असतो, बायकोला तर तो आहे हेही आठवत नाही. पण डिसेंबर आला, चौकातली ती मोठी कढई चढली, की माझी फोड पुन्हा तेलात पडते आणि मी मनातल्या मनात डॉ. पेठकरांना शोधायला निघतो.

त्या वर्षी थंडी लवकर आली होती. नव्वदीच्या दशकातली ती थंडी. देश उघडला आहे, असं पेपरात येत होतं. आमच्या उज्जैनमध्ये तो बेताबेताने उघडत होता. फ्रीगंजात दर चार दुकानांमागे एक एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला, स्कूटरसाठी नंबर लावून म्हातारं व्हायची पद्धत संपली, आणि ज्याच्याजवळ एखादा रिकामा प्लॉट होता त्याने तिथे पत्र्याची शेड टाकून स्वतःला उद्योगपती जाहीर केलं. सकाळी धुकं पडे. त्यात बंब पेटत, शेकोट्या पेटत, आणि हे नवे पत्र्याचे उद्योगही पेटत. थंडीतला धूर वर जात नाही. तो पाहुण्यासारखा खालीच बसून राहतो, आणि पाहुण्यासारखंच त्याला उठा म्हणायची सोय नसते.

मी तेव्हा संभागाच्या, म्हणजे महसूल विभागाच्या, कार्यालयात आकडे जुळवायच्या नोकरीत होतो. आमचं घराणं जुनं. पूर्वज दरबाराच्या कारकुनीत माळव्यात आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमची मराठी दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहून थोडी तिच्यासारखी चालायला लागली आहे, हे मी आज मोकळेपणाने सांगतो. तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता. मी स्वतःला मराठीचा जाणकार समजत असे. आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आभारप्रदर्शन माझ्याकडे असायचं.

अशात कार्यालयात नवं खूळ आलं. संभागातल्या अधिकाऱ्यांना एक विद्या शिकवायची: रस्ता, कारखाना, बसस्टँड, दारूचं दुकान, काहीही मंजूर करण्याआधी त्याचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते तपासायची विद्या. दिल्ली-भोपाळच्या तोंडाकडे बघत न बसता आपल्या भागातच अशी माणसं तयार करायची. त्यासाठी एका जुन्या सरकारी बंगल्यात केंद्र उघडलं, शिकवायला पुण्याहून डॉ. पेठकर आले, आणि मराठी येते म्हणून त्यांचा स्थानिक समन्वयक मी.

पहिल्या दिवशी अधिकारी जमले होते. रतलामचे, देवासचे, मंदसौरचे, शाजापूरचे. मी साहेबांपुढे कप ठेवला आणि अत्यंत आदराने म्हणालो, "साहेब, आधी चाय पिऊन घ्या. मग आपण सुरू होऊन जाऊ."

पेठकरांनी कप हातात घेतला, खाली ठेवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पिऊन घ्या? चहा प्यायचा असतो हो. घ्यायचं काय त्यात? आणि सुरू होऊन जाऊ म्हणजे कुठे जाऊ?"

मग ते समोरच्या मंडळींना हिंदीत म्हणाले, की आपल्या समन्वयकांची मराठी म्हणजे हिंदीलाच नऊवारी नेसवलेली आहे. सगळे हसले. ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता ते जास्त हसले. मीही हसलो. हसता हसता मी ठरवलं, की या माणसाला एक दिवस धडा शिकवायचा.

त्यानंतर ते रोज मला वापरत. "समन्वयक, हे जरा मराठीत सांगा. म्हणजे, तुमच्या मराठीत." देवासचे एक साहेब तर मला दुरून हात करून "पिऊन घेतली?" असं विचारायला लागले.

सगळ्यात संताप याचा, की पेठकर उत्तम शिकवायचे. आवाज चढवायचे नाहीत. म्हणायचे, निर्णय कागदावर होतो असं तुम्हाला वाटतं, पण तो शेवटी कोणाच्या तरी छातीत जाऊन बसतो. कोणाच्या, ते आधी विचारा. अधिकारी माना डोलवत आणि एखादा हळूच विचारी, "सर, इसका कोई बना-बनाया फॉर्मेट मिल जाएगा?" मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो आणि मला ते पटायचं. ज्याचा सूड घ्यायचा त्याचं म्हणणं पटणं ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

माझी सुमामावशी, आईची धाकटी बहीण, आमच्या वस्तीत बालक मंदिर चालवत असे. दोन खोल्या, एक पत्र्याचं दालन, बुटक्या रंगीत खुर्च्या, आणि बोलायला नुकती लागलेली, नाक वाहणारी पोरं. बालक मंदिराच्या भिंतीला लागून एक रिकामा प्लॉट होता. तो एका शेठजींनी घेतला आणि तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी टाकायचं ठरवलं. मंजुरी यायची होती, पण शेठजींचा उत्साह मंजुरीच्या पुढे धावत होता. सकाळ-सकाळी ते 'ट्रायल' म्हणून भट्टी पेटवत. नेमकी पोरांच्या प्रार्थनेची वेळ. डोळे मिटून हात जोडलेली पोरं खोकायला लागत आणि मावशी प्रार्थना मध्येच थांबवी.

योगायोग असा, की नव्या केंद्राकडे तपासणीला आलेलं पहिलंच प्रकरण हे. आणि पेठकरांनी ते बंगल्याच्या व्हरांड्यात, नकाशा मांडीवर घेऊन, उन्हात बसून निकालात काढलं. शेरा लिहिला: स्वास्थ्य पर प्रभाव, नगण्य.

मी धीर करून म्हटलं, "साहेब, जागा बघून आलो असतो तर?"

"समन्वयक, केंद्र नवीन आहे. पहिल्याच कामात नाही म्हटलं तर दुसरं काम कोणी पाठवणार नाही. चार प्रकरणं हाताखालून जाऊ देत, मग बोलू आपण." मग जरा थांबून, "आणि छोटी भट्टी आहे हो."

मी मावशीला सांगायला गेलो. ती पोरांच्या पाट्या पुसत होती.

"पद्या, नगण्य म्हणजे मोजून कमी निघालं, की मोजलंच नाही?"

"मावशी, ते फार मोठे साहेब आहेत."

"मी त्यांची उंची विचारली का?"

तिने वर अर्ज केला. आमच्या अपर कलेक्टर मिश्रा मॅडम. बोलायला कमी आणि ऐकायला खमक्या. त्यांनी हुकूम काढला: मंजुरी देण्याआधी जाहीर सुनावणी घ्या, ती बालक मंदिरातच घ्या, आणि जो जे सांगेल ते डॉक्टरसाहेबांनी समोर बसून ऐकावं आणि उत्तर द्यावं. त्या एका सकाळवर सगळं येऊन ठेपलं. सुनावणीत कोणी बोललं नाही, तर नगण्य हा शेरा पक्का आणि भट्टी कायमची मावशीच्या भिंतीला.

हिंदीत नोटीस निघाली, की ज्यांना आपत्ति असेल त्यांनी येऊन नोंदवावी. पेठकर म्हणाले, "तिथे मराठी वस्ती बरीच आहे ना? मग मराठीतही लावा. समन्वयक, लिहा तुम्ही." आणि जाता जाता दारातून, "शुद्ध लिहा हं. नऊवारी नको."

हे मला लागलं. मी घरी येऊन सोवळ्याने बसावं तसा बसलो. एकही हिंदी वळण येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. शब्द घासूनपुसून घेतले. आपत्ति या शब्दावर आलो तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण त्यात पेठकरही चुकले असते असा बारकावा मला दिसला. हिंदीत शेवटची ति पहिली. मराठीत दुसरी. मी अभिमानाने दुसरी वेलांटी दिली. 'ज्या नागरिकांना काही आपत्ती असतील त्यांनी त्या प्रत्यक्ष उपस्थित राहून मांडाव्यात.' काय वाक्य! मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे. मंडळाच्या फळ्यावर मी ते स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं.

हिंदीतली आपत्ति म्हणजे मराठीतली हरकत, आणि मराठीतली आपत्ती म्हणजे संकट, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुरात, दुष्काळात आपत्ती येते हे मलाही ठाऊक होतं. पण दोनशे वर्षांच्या शेजारामुळे दोन्ही अर्थ माझ्या डोक्यात एकाच पलंगावर झोपत होते. वेलांटी बदलताना अर्थ बदलायचा राहून गेला.

पण माझं खरं लक्ष नोटिशीवर नव्हतंच. मी सुडाचा दुसराच डाव रचला होता. शेठजी सुनावणीच्या दिवशी भट्टी बंद ठेवणार, हे उघड होतं. मी आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि कानाशी लागून म्हणालो, "शेठजी, साहब लोग काम देखने आ रहे हैं. ठंडी भट्टी देखके क्या सोचेंगे? कल जरा ज़ोर से चलाइए."

शेठजी खूश झाले. मला पेढा दिला. मी मावशीला सांगितलं, उद्या पोरांना सुट्टी दे, काय म्हणून ते विचारू नको. माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं: पुण्याचे डॉ. पेठकर बालक मंदिराच्या दालनात धुराने कासावीस झाले आहेत, चष्मा काढून डोळे चोळत आहेत, आणि मी त्यांच्यापुढे पेला धरून म्हणतो आहे, "साहेब, पाणी पिऊन घ्या."

सकाळी सगळे जमले. मोठ्या खुर्च्या दोनच, त्या मॅडमना आणि त्यांच्या स्टेनोला दिल्या. पेठकरांच्या वाट्याला बदकाचं चित्र असलेली बुटकी खुर्ची आली. त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले. सुरुवात तर झकास झाली. पलीकडे भट्टी धडधडायला लागली. मी श्वास रोखून वाट पाहिली.

धूर आला नाही.

दालनात लख्ख हवा. खिडकीतून कोवळं ऊन. वर्षातली सगळ्यात प्रसन्न सकाळ. मी बाहेर डोकावलो. वारा फिरला होता. शेठजींचा सगळा धूर शिस्तीत उलट दिशेला, दोन गल्ल्या ओलांडून, बरोबर माझ्या घराच्या गच्चीवर उतरत होता. तिथे बायकोने रजया उन्हात घातल्या होत्या.

पेठकरांनी दीर्घ श्वास घेतला, सगळ्यांना दिसेल असा. "मॅडम, भट्टी चालू है. आप ही बताइए, धुआँ कहाँ है?" मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत: "समन्वयक, काय म्हणता?"

मावशी माझ्याकडे बघत होती. सुट्टी कशासाठी दिली ते तिला तेवढ्यात कळलं असावं.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "किसी को कुछ कहना है?"

मागून कुलकर्णीकाकू उठल्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्या कुलकर्ण्यांच्या पत्नी. "आपत्ती सांगायच्या ना? मग कुठून सुरू करू?"

पेठकर म्हणाले, "बाई, तुमची हरकत काय आहे तेवढं सांगा."

"माझी हरकत काही नाही हो. आपत्ती आहे."

"म्हणजे?"

"यांचा दमा. दिवाळीपर्यंत जिना चढत होते. ती भट्टी पेटायला लागली तशी रात्र बसून काढतात, आणि मी त्यांच्या पाठीला हात लावून. ही एक झाली. दुसरी, पाण्याच्या टाकीवर काळी राख. तिसरी माझा जावई, पण ती इथे नको."

दालन हसलं. आणि मग धरण फुटावं तसं झालं. कोणाचा खोकला, कोणाच्या डोळ्यांची आग, कोणाचं पोर चार घास खाऊन पोट धरून बसतं ते. शेठजींच्याच शेडमध्ये कामाला जाणाऱ्याची बायको म्हणाली, यांना चहाचा कप धरवत नाही, हात थरथरतो. हरकत सांगा म्हटलं असतं तर ती आलीच नसती. मालकाविरुद्ध हरकत कोण घेणार? आपलं दुःख सांगायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

पेठकरांना आता कळलं. त्यांनी फळ्यावरची नोटीस मागवली, वाचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बदकाएवढा झालो.

"मॅडम, नोटीस में गलती है. मराठी में आपत्ती का मतलब अलग होता है. सुनवाई दोबारा रखनी पड़ेगी."

"क्या मतलब होता है?"

"विपदा."

मॅडमनी दालनावरून नजर फिरवली. "तो ये लोग अपनी विपदा बताने आए हैं. बुलाया हमने है. बैठिए डॉक्टर साहब, सुनते हैं."

शेवटी वैशाली उठली. जळगावकडची. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून गेल्या वर्षभरातच इथे आलेली, अजून वस्तीत कोणाशी फारशी न बोलणारी. सासू पदर ओढत होती, तरी उठली.

"मला कळेना, हे इथे सांगायचं असतं की नाही. फळ्यावर लिहिलं होतं म्हणून आले." तिने सासूच्या हातातून पदर सोडवून घेतला. "दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आता पुन्हा आहे. आमची खिडकी त्या बाजूलाच उघडते. भट्टी पेटली की आई खिडकी लावून घेतात. डॉक्टर, खिडकी लावली की पुरतं का?"

पलीकडे भट्टीचा आवाज येत होता.

पुरतं म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. मॅडमना शिशाबद्दल काही माहीत नव्हतं. शेठजी मान डोलवायला तयारच होते. त्या छोट्या खुर्चीवर बसलेला तो माणूस एका शब्दात स्वतःचा शेरा वाचवू शकत होता.

"नाही," पेठकर म्हणाले. "पुरत नाही, बाळ."

ते उठले. बदकाची खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी उचलली गेली, पण कोणी हसलं नाही. त्यांनी वैशालीला बसवलं, काय काय झालं ते हळू आवाजात विचारलं, आणि मग मॅडमना म्हणाले, "नगण्य मैंने बिना देखे लिखा था. वापस लेता हूँ. भट्टी आज ही बंद करवाइए."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. त्यांनी चुकीचं वागायला हवं होतं! मी किती दिवस त्यांच्यासाठी एक खड्डा खणत होतो, आणि हा गृहस्थ स्वतः होऊन, नीट, पायरी पायरीने त्यात उतरला आणि वर मोठा होऊन निघाला. मावशी पदराने डोळे टिपत त्यांना म्हणाली, "डॉक्टर, चहा घ्या." मला कोणी विचारलं नाही. मी घरी जाऊन रजया झटकल्या.

भट्टी बंद झाली ती झालीच. शेठजी काही दिवस मला शोधत होते, पेढा परत मागायला असेल, मग गावाबाहेर औद्योगिक क्षेत्रात उंच चिमणीसकट निघून गेले. मावशीच्या पोरांची प्रार्थना शेवटच्या ओळीपर्यंत जायला लागली. पेठकरांनी शिकवायची रीतच बदलली. अधिकाऱ्यांना व्हरांड्यातून उठवून ते गल्लीबोळांत नेऊ लागले आणि सांगू लागले, हरकत विचारू नका, हरकत घ्यायला हिंमत लागते. आपत्ती विचारा. मंदसौरपर्यंत हा शब्द गेला. हिंदीभाषक अधिकारी आपल्या टाचणांत तो दुसऱ्या वेलांटीने लिहीत, आणि टायपिस्ट तो पहिलीने दुरुस्त करीत.

उन्हाळ्यात वैशालीला मुलगी झाली. ठणठणीत. तीन वर्षांनी ती बदकाच्या खुर्चीसाठी भांडायला मावशीच्या दारात हजर झाली.

पेठकर पुण्याला परत निघाले तेव्हा त्यांना नानाखेड्याला बसमध्ये बसवून द्यायला मी गेलो. सामान वर चढवलं. ते खिडकीशी बसले आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारून म्हणाले, "पद्माकरराव, एक विचारतो. ती वेलांटी. चूक होती, की तुम्ही मुद्दाम केलीत?"

त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. निखळ आदर. मी तो थोडा वेळ बघून घेतला. मग पोटातून, अस्सल उज्जैनी सुरात म्हणालो, "साहेब, आम्ही लोक इथे दोनशे वर्षांपासून असंच मराठी बोलून राहिलो आहोत. तुम्हाला आज माहीत पडलं."

त्यांनी तो माझा विनय समजून मान डोलावली, आणि बस निघून गेली. त्यानंतर जिथे जिथे पेठकर शिकवायला गेले तिथे तिथे, असं ऐकतो, ते उज्जैनच्या एका भाषाप्रभू समन्वयकाची गोष्ट सांगतात. एका शब्दाच्या वेलांटीतून लोकांची तोंडं कशी उघडायची हे त्याने कसं ओळखलं होतं, सरकारी भाषेचा त्याचा अभ्यास किती खोल होता, आणि आपण त्याच्यापुढे कसे हरलो. दरवर्षी नव्या मुलांसमोर, टाळ्यांसकट.

इतकी वर्षं मी त्यांना सांगू दिलं. जितक्या जास्त लोकांना सांगतील तितकं बरं, असा माझा हिशेब होता. आता पेठकर निवृत्त आहेत, पुण्यात असतात, आणि मराठी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शुद्धलेखनाच्या चुका शोधत वाचतात, अशी माझी पक्की माहिती आहे. हा लेख त्यांच्या हातात पडेलच. इथपर्यंत आले असतील तर त्यांनी चष्मा नीट करावा.

साहेब, चूक होती.